संकलन कक्षाच्या नव्या संगणकासाठी सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

माहितीपटांचं संकलन आणि रंगकाम जिथे होतं, त्या आपल्या कक्षातल्या संगणकाने आता हात टेकले आहेत. कार्यकारिणीने नवी यंत्रणा घ्यायचं ठरवलं असून एकूण खर्च ४,६०,००० रुपये येतो. शिल्लक आणि आतापर्यंतच्या देणग्या धरून हाती १,८५,००० आहेत. उरलेले २,७५,००० दसऱ्याच्या आत उभे करायचे आहेत. संगणकाच्या मेमरीचे दर २०२५च्या अखेरीपासून असे चढले की दुकानदार आठवड्याच्या पुढच्या दराचा शब्द देत नाहीत, म्हणून ही घाई.

नव्या सभासदांसाठी सांगायला हवं, की पहिला संगणक सरकारी अनुदानातून आलेला नाही. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या एका कापड दुकानदारांनी दुकानाच्या वर्धापनदिनाची पंगत रद्द करून ती रक्कम इथे आणून दिली. शाहूपुरीतल्या आपल्या निवृत्त मुख्याध्यापक बाई दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता पाकीट पाठवत राहिल्या. पाकिटावर फक्त 'कक्षासाठी' एवढंच असायचं. आज ज्यावर स्क्रीन ठेवलेला आहे ते लोखंडी टेबल शिरोलीच्या फौंड्रीवाल्या सभासदाने स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतलं. त्याचं बिल आम्ही तीनदा मागितलं, अजून आलेलं नाही. डाविंची रिझॉल्व्ह या संकलन-रंगकामाच्या सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ आवृत्तीचा परवाना मुंबईतल्या कोल्हापूरकरांनी वर्गणी काढून घेऊन दिला. याच कक्षात कुस्तीच्या तालमींवरचे माहितीपट जुळले, २०१९ आणि २०२१च्या महापुराचं पेठापेठांतून गोळा केलेलं चित्रण लावून ठेवलं गेलं. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात कॅमेरा घडवला, त्या गावातल्या पोरांना रंगकामासाठी (चित्रणाचे रंग जुळवण्यासाठी) पुण्याची एसटी धरावी लागू नये, एवढाच हट्ट होता आणि आहे.

गेल्या वर्षीच्या आवाहनानंतर पावतीपुस्तक निम्मंही भरलं नाही, हे लिहिताना बरं वाटत नाही. त्याऐवजी सात जुने संगणक कक्षात येऊन पडले. भावना चांगली होती, पण त्यातल्या एकावरही ४के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं) चित्र धड चालत नाही. म्हणून या वेळी नेमकं काय हवं आणि का, ते सविस्तर लिहीत आहोत.

आपल्याकडे येणारं बहुतेक चित्रण सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांवरचं आहे : एच.२६५ (चित्रण दाबून लहान करण्याची पद्धत), १०-बिट (रंगाच्या जास्त पायऱ्या), ४:२:२ (रंगाचा तपशील जास्त राखणारी जात). फाइल लहान होते म्हणून सगळ्यांना आवडते. पण तिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मागच्यापुढच्या फ्रेमवरून ती उलगडावी लागते. टाइमलाइनवर (तुकडे जुळवायच्या पट्टीवर) जरा मागे सरकलं की संगणक आधीच्या पूर्ण फ्रेमपासून पुन्हा हिशेब मांडतो आणि चित्र अडकतं. हे काम चिपमधल्या खास भागावर सोपवता आलं तरच हात मोकळा चालतो. नेमकी ४:२:२ ही जात एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या ग्राफिक्स कार्डांना तशी उलगडता येत नाही, ५० मालिकेपासून येते. इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक मात्र हे काम अकराव्या पिढीपासून करतं, फक्त अंगभूत ग्राफिक्स असायला हवं. आम्ही कोअर अल्ट्रा ७ २६५के हा प्रोसेसर ठरवला आहे. शेवटी 'एफ' असलेला २६५केएफ थोडा स्वस्त मिळतो; त्यात अंगभूत ग्राफिक्सच नाही. दुकानदार 'तोच आहे, साहेब' म्हणतील. तो नव्हे.

ग्राफिक्स कार्ड १६ जीबीचं, आरटीएक्स ५०७० टीआय. रंगकामात प्रत्येक नोडचा (रंगबदलाच्या एकेका पायरीचा) हिशेब कार्डावर होतो, आणि चित्रातला कण (अंधारातली खरखर) कमी करताना एकाच वेळी अनेक फ्रेम कार्डाच्या मेमरीत ठेवाव्या लागतात. सध्याचं ८ जीबीचं कार्ड ४के टाइमलाइनवर इथेच बसकण मारतं : मेमरी भरल्याची सूचना येते आणि रेंडर (तयार फाइल बनवणं) थांबतं. १२ जीबीचं साधं ५०७० चाललं असतं, पण दोन वर्षांत पुन्हा हेच आवाहन लिहावं लागेल. कार्ड ३०० वॅट खातं, प्रोसेसर जोर आला की २५० पर्यंत जातो. म्हणून पॉवर सप्लाय ८५० वॅटचा. रॅम ६४ जीबी, ३२च्या दोनच पट्ट्या. १६च्या चार घेतल्या तर डीडीआर५चा वेग खाली उतरवावा लागतो आणि पुढे वाढवायला जागाही उरत नाही. मॅक का नको, असं विचारणाऱ्यांना : यंत्र उत्तम आहे, पण त्यात मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि एकेक भाग एकेकाच्या देणगीतून घेता येत नाही.

डिस्कचा हिशेब कुणी विचारत नाही. यूएचडी (म्हणजे ४के), सेकंदाला २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू (संकलनाला सोपी पण मोठी फाइल) म्हणजे सेकंदाला ७३७ मेगाबिट. तासाला साधारण ३३० जीबी. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी १ टीबी एनव्हीएमई (वेगवान चिपची डिस्क), कॅशसाठी (काम चालू असतानाच्या तात्पुरत्या फाइलींसाठी) वेगळी २ टीबी. दोन्ही टीएलसी जातीच्या. क्यूएलसी ही स्वस्त जात सुरुवातीला पळते आणि मोठी फाइल लिहिताना मध्येच बैलगाडी होते. चित्रणासाठी ८ टीबीच्या चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी माहिती वाचते अशी मांडणी), हाती २४ टीबी. डिस्क सीएमआरच (लिखाणाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढणाऱ्या) हव्यात. एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढणाऱ्या) डिस्क बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून रेड बांधताना कित्येक दिवस घेतात, आणि तेवढ्यात दुसरी गेली की सगळंच गेलं. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. पुराच्या चित्रणाची दुसरी प्रत पुररेषेच्या वरच्या घरातच ठेवायची, असा ठराव आहे.

आता ज्यासाठी एकाही माणसाने नाव दिलेलं नाही ते : स्क्रीन. कार्ड कितीही भारी घेतलं तरी रंग करणारा माणूस स्क्रीनवर दिसतं त्यावरच हात फिरवतो. कक्षातला स्क्रीन लाल रंग जास्त भडक दाखवतो. आखाड्याची तांबडी माती, गुलाल डोळ्यांत खुपतो म्हणून संकलक लाल उतरवतो, आणि सभागृहाच्या पडद्यावर तीच माती धुतल्यासारखी फिकी पडते. पंचगंगा घाटावरच्या संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसतात. ते चित्रणात आहेत की ८-बिट स्क्रीनमुळे, हेच कळत नाही. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४. तेव्हा १०-बिट स्क्रीन, रेक. ७०९ (टीव्हीच्या रंगांचं प्रमाण), गामा २.४ (उजेड-अंधाराच्या चढाचं माप), पांढरा डी६५ (प्रमाण पांढरा), उजेड १०० निट्स, आणि हे राखण्यासाठी स्क्रीनचे रंग मोजणारा प्रोब. विंडोजची रंगातली लुडबुड टाळायला चित्र थेट स्क्रीनकडे पाठवणारं डेकलिंक मिनी मॉनिटर ४के हे कार्ड. यूट्यूबसाठीचं काम गामा २.२ वरही तपासायचं.

आणि यूपीएस. शुद्ध साइन वेव्हचा (विजेची लाट गुळगुळीत ठेवणारा), १५०० व्हीए. साध्या यूपीएसची लाट चौकोनी असते; वीज गेली की नव्या पॉवर सप्लायला ती कधीकधी मानवत नाही आणि यूपीएस चालू असूनही संगणक बंद पडतो. पावसाळ्यात वीज तासाला दोनदा डोळे मिचकावते, तेव्हा रेंडर तर जातोच, रेडवरचं लिखाणही अर्धवट राहतं. ग्राफिक्स कार्डासाठी चार जणांनी आधीच नाव दिलंय. यूपीएससाठी शून्य. कार्डाच्या खोक्यावर दिवे लागतात, यूपीएस टेबलाखाली असतो, हे आम्हालाही समजतं.

खर्चाची विभागणी : मुख्य संगणक २,३०,०००, डिस्क १,१०,०००, स्क्रीन, प्रोब व डेकलिंक ९०,०००, यूपीएस, अर्थिंग व किरकोळ ३०,०००. धनादेश संस्थेच्या नावे, यूपीआयचा कोड कार्यालयातल्या फलकावर, वेळ संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद. देणगीवरच्या आयकर सवलतीची (१९६१च्या कायद्यातलं ८०जी) पावती मिळेल (सवलत जुन्या करप्रणालीतच, रोख २,००० पर्यंतच). परदेशस्थ सभासदांपैकी भारतीय नागरिकांनीच व बँकेमार्फतच पाठवावे. परकीय नागरिकांची देणगी घेण्याची नोंदणी आपल्याकडे नाही. वस्तुरूपात द्यायची असल्यास वरच्या वर्णनाबरहुकूम, बिलासह व सीलबंद. आधी कार्यालयात विचारावे. जुने संगणक स्वीकारले जाणार नाहीत.

आपला नम्र,
कार्यवाह

ता.क. कक्षाच्या पिवळ्या भिंतीमुळे डोळ्याला चित्र निळसर वाटतं आणि प्रत्येक काम शेवटी पिवळं होऊन बाहेर पडतं. स्क्रीनमागची भिंत मध्यम राखाडी, चमक नसलेल्या रंगाने रंगवायची आहे. रंग आणलेला आहे, दोन लिटर. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता ब्रश घेऊन चार माणसं हवीत.