म्झिमाचं पाणी

मोंबासा
सोमवार, रात्री साडेनऊ

माझ्या लाडक्या छकुलीस,

प्रभू येशूच्या नावात आईचा सप्रेम सलाम.

गुरुवारी फोनवर तू विचारलंस, "आई, तुम्ही केनियात चर्चच्या सेवेला गेलात की सफारीला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. तुझ्या पिल्लूची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. तू रागाने विचारलं नाहीस, काळजीने विचारलंस, हे मला ठाऊक आहे. आई बासष्टची, बाबा अडुसष्टचे, आणि घरच्या ग्रुपवर येतात ते लाल हत्तींचे फोटो! तुझ्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. पण प्रश्न मनातून जात नाही, म्हणून आज बसून सगळं लिहिते आहे.

आमचा दिवस कसा जातो ते आधी ऐक. पहाटे पाचला पलीकडच्या मशिदीतली अजान होते, तेव्हा मी उठते. मंगळवारी आणि शुक्रवारी उठल्या उठल्या आधी नळ उघडून बघायचा, कारण आमच्या गल्लीत पाणी येतं ते याच दोन दिवशी, तेही आलं तर. नाही आलं तर हातगाडीवाल्याची वाट बघायची. वीस-वीस लिटरचे पिवळे कॅन तो गाडीवर रचून आणतो. त्याचं पाणी विहिरीचं, मचूळ असतं. त्याने भांडी होतात, डाळ काही शिजत नाही.

मग चहा, शास्त्रवाचन, प्रार्थना. न्याहारी कधी मी करते, कधी कोपऱ्यावरून महामरी आणि म्बाझी आणते. महामरी म्हणजे वेलदोडा घातलेली फुगीर पुरी आणि म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली आपली तूर. पहिल्या दिवशी तो घास तोंडात घातला आणि मला तुझ्या आजीच्या हातच्या तुरीची आठवण झाली. खिडकीत कावळे येतात तेही आपलेच, राखाडी मानेचे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते हिंदुस्थानातून झांझिबारला आणले गेले आणि तिथून या किनाऱ्यावर पसरले. इथल्या लोकांना ते मुळीच आवडत नाहीत, कारण इथल्या लहान पाखरांची पिलं ते खातात. मला वाईट वाटतं, पण लोकांचं खरं आहे.

वेळ सांगायची इथली रीत बाबांना फार आवडते. स्वाहिलीत तास मोजायचे ते सूर्य उगवल्यापासून. सकाळचे सात म्हणजे "साआ मोजा", एक वाजला. आपल्या शास्त्रात तिसरा तास, सहावा तास, नववा तास येतो ना, तसंच अगदी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात अकराव्या तासाला कामावर आलेल्या मजुरांची गोष्ट आहे. म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. बाबा म्हणतात, "आपण त्या वेळेचे मजूर. दिवस मावळायच्या आत मिळेल तेवढं काम करायचं."

दवाखाना चालत पंधरा मिनिटांवर आहे. तिथे मी काय करते हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण सांगायला थोडं जड जातं. पस्तीस वर्षं नर्स होते, पण माझी नोंदणी भारतातली. इथे मला सुई टोचायची परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. मी बाळांचं वजन करते, कार्डावर लिहिते, ओळीत बसलेल्या आयांशी बोलते. वजनकाटा छताला टांगलेला आहे. त्याच्या झोळीत बाळ ठेवलं की ते आधी घाबरतं, मग हेलकावे घेऊ लागलं की शांत होतं. आयांच्या अंगावर रंगीत लेसो असतात, अंगाभोवती गुंडाळायची सुती वस्त्रं. लेसोच्या खालच्या काठाजवळ एक स्वाहिली म्हण छापलेली असते. मी एकेक वाचून अर्थ विचारते, त्या हसतात, आणि मग न विचारता आपल्या घरचं सांगू लागतात. कोणाचं दूध कमी पडतं, कोणाचा नवरा बंदरावर कामाला आहे आणि तीन आठवडे घरी आलेला नाही. माझी स्वाहिली मोडकीतोडकी, पण "साबुनी" म्हणजे साबण, "रंगी" म्हणजे रंग, "चाय" म्हणजे चहा. निम्मं तर ओळखीचंच निघतं.

बाबा चर्चच्या शाळेत गणितात मागे पडलेल्या मुलांना शिकवतात. मुलं वाकून "शिकामू" म्हणतात, मोठ्या माणसाला करायचा तो नमस्कार, आणि बाबांनी "मारहबा" म्हणायचं. मुलं त्यांना बाबू म्हणतात. बाबू म्हणजे आजोबा. अपूर्णांक शिकवायला बाबा चपाती घेऊन जातात, इथे घरोघरी चपाती होते. तिचे चार भाग, आठ भाग करून दाखवायचे आणि शेवटी ते भाग वाटून खायचे. त्या तासाला कोणी गैरहजर नसतं.

आता फिरण्याचं सांगते.

नोव्हेंबरात एक बाळ गेलं. चार महिन्यांचं. तापाने फणफणलेलं, मलेरिया, आणायला दोन दिवस उशीर झाला होता. आठवडाभरापूर्वीच मी त्याचं वजन करून कार्डावर लिहिलं होतं, छान वाढत होतं. मी आयुष्यात पुष्कळ मरणं पाहिली, पण तेव्हा हातात काम असायचं. या वेळी मी नुसती त्याच्या आईशेजारी बसून होते, आणि तिचं दुःख समजून घ्यायला माझ्याकडे पुरेसे शब्दही नव्हते. घरी आल्यावर मी तीन दिवस धड जेवले नाही. तुला सांगितलं नाही, क्षमा कर.

आमच्या गटात एक कोरियन बाई आहेत, सत्तर वर्षांच्या, इथे बरीच वर्षं काढलेल्या. त्या शुक्रवारी संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, उद्या सकाळी सहाला तयार राहा, शिंबा हिल्सला जायचं आहे. मी नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. वयस्कर सेवेकऱ्यांनी महिन्यातून एक शनिवार शहराबाहेर काढायचाच, हा इथे नियमच आहे. ज्यांनी तो पाळला नाही ते अर्ध्यातच घरी परतले, असं त्या म्हणाल्या.

लिकोनीच्या फेरीबोटीतून खाडी ओलांडायची, मग दक्षिणेला क्वालेच्या बाजूला चढ लागतो. मोंबासाचा घाम तिथे वाऱ्याने सुकतो. गवताळ टेकड्या, मधूनमधून दाट रान, आणि मोकळ्या जागेवरून खाली निळा समुद्र. जंगलात प्लास्टिकची बाटली नेता येत नाही, म्हणून सगळ्यांकडे स्टीलच्या बाटल्या. तिथे सेबल नावाचं हरीण आहे, केनियात फक्त याच डोंगरावर. नर काळाभोर, पोट पांढरं, शिंगं मागे वळलेली, विळ्यासारखी. माद्या तपकिरी. सात-आठ माद्यांचा कळप आणि मागे तो काळा नर, आमच्याकडे बघत उभा. कोणी बोललं नाही. मग बंदूकधारी वनरक्षकाबरोबर शेल्ड्रिक धबधब्यापर्यंत उतरलो. बाबांचे गुडघे दुखत होते तरी ते आले. पाण्याच्या आवाजात मी मोठ्याने रडले, कोणाला ऐकू गेलं नसेल. वर चढून येताना भूक लागली होती. कोरियन बाईंनी उकडलेला रताळ्याचा तुकडा हातावर ठेवला, तो मी खाल्ला. सोमवारी दवाखान्यात गेले. त्या बाळाची आई तिच्या मोठ्या मुलीला खोकल्यासाठी घेऊन आली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसू शकले.

तर छकुली, त्या शनिवाराशिवाय तो सोमवार झाला नसता. सफारी हा शब्दसुद्धा स्वाहिलीत कुठल्याही प्रवासाला वापरतात. बाजारगावी निघालेल्या माणसालाही "सफारी न्जेमा" म्हणतात, प्रवास चांगला होवो. आपल्या सफर शब्दाचाच तो भाऊ.

तू पाहिलेले फोटो जानेवारीतले, त्सावोचे. मोंबासाहून दीडशेएक किलोमीटरवर व्होई गाव आहे, तिथून त्सावो पूर्व उद्यानात शिरलो. 1948 सालचं हे राष्ट्रीय उद्यान आपल्या नाशिक जिल्ह्याहून थोडंच लहान आहे, यावरून त्याचा विस्तार समज. जमीन सगळी विटेच्या रंगाची. हत्ती त्याच धुळीत लोळतात, सोंडेने ती अंगावर उडवतात, म्हणून लाल दिसतात. पाण्यातून निघाले की राखाडी. एका पाणवठ्यावर आम्ही दोन तास गाडी बंद करून बसलो. एक पिल्लू आईच्या पुढच्या पायांमध्ये शिरून दूध पीत होतं, सोंड कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं, कधी डोक्यावर, कधी बाजूला. मी आपोआप त्याच्या वजनाचा अंदाज करू लागले.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं. महामार्गाच्या पलीकडे त्सावो पश्चिम आहे, तिथे म्झिमाचे झरे आहेत. आजूबाजूला काळ्या लाव्ह्याचा रखरखाट, आणि मध्येच झाडी, ताडांची दाटी, आणि काचेसारखं पाणी. च्युलू टेकड्यांवर पडलेला पाऊस तो सच्छिद्र लाव्हा पिऊन घेतो. जमिनीखालून गाळत गाळत ते पाणी म्झिमाला वर येतं. काठावर एक खोली पाण्याखाली बांधलेली आहे, तिच्या काचेतून मासे दिसतात. नशीब असेल तर पाणघोडा तळावरून चालत जाताना दिसतो. आम्हाला मासे दिसले; पाणघोडे वरच, नुसते कान आणि नाकपुड्या बाहेर काढून बसलेले.

वनरक्षक मुलगा पंचविशीतला होता. त्याने विचारलं, कुठून आलात? मोंबासा म्हटल्यावर तो म्हणाला, "मग हे तुमचंच पाणी." या झऱ्याचं पाणी दोनशेहून अधिक किलोमीटर नळाने मोंबासाला जातं. मी थक्क झाले. मंगळवारी पहाटे ज्या नळाखाली मी बादली लावते, ज्या पाण्यात दवाखान्यातली मलमपट्टीची भांडी उकळतात, त्यातलं पाणी इथून निघतं, या पाणघोड्यांच्या तळ्याशेजारून. च्युलूवरची झाडं राहिली, पाऊस मुरला, तर आमच्या गल्लीतल्या पोरांना पाणी. त्या दिवसापासून मी आयांना पाणी उकळायचं सांगते तेव्हा ते कुठून येतं तेही सांगते. कितीतरी जणी जन्मभर मोंबासात राहून त्सावोला गेलेल्या नाहीत. प्रवेशशुल्क, गाडीभाडं त्यांना झेपणारं नाही. हे मला सलतं. बाबांनी शाळेला सुचवलं आहे की या वर्षी सहावीच्या मुलांची सहल म्झिमाला न्यावी. पैसे थोडे जमले आहेत. तुझ्या वाढदिवसाचे आम्ही त्यात घातले, चालेल ना?

आणखी एक. आम्ही रोज टुकटुकमधून उतरतो त्या चौकाचं नाव केंगेलेनी, "घंटेपाशी". गुलामांचे व्यापारी येताना दिसले की तिथली घंटा वाजवत. हे फ्रीरटाऊन, गुलामीतून सोडवलेल्या लोकांसाठी वसवलेली वस्ती. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रीयर यांच्यावरून ते नाव पडलं. आणि इथे येऊन राहिलेल्या पहिल्या लोकांत अनेक जण आपल्या नाशिकच्या शरणपूरचे! गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शरणपूरच्या मिशनमध्ये वाढवलं, शिकवलं, आणि मोठी होऊन ती इकडे परतली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे त्यांतलेच, 1885 साली त्यांना इथे दीक्षा मिळाली. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतला जेकब वेनराइटही शरणपूरचाच. तू ज्या रस्त्याने सायकलवरून शाळेत जायचीस, त्या रस्त्यावरची मुलं ही. बाबांना हे कळलं तेव्हा ते घंटेपाशी बराच वेळ टोपी काढून उभे राहिले.

न्यालीला रोझिना क्राफ यांचं थडगं आहे. 1844 मध्ये मिशनरी नवऱ्याबरोबर आल्या आणि काही महिन्यांतच तापाने गेल्या, नवजात मुलगीही गेली. मी तिथे फुलं ठेवून आले. म्हणून सांगते, तापाची भीती मला नाही असं समजू नकोस. आम्ही मच्छरदाणीतच झोपतो, गोळ्या वेळेवर घेतो, अंग गरम वाटलं की त्याच दिवशी रक्त तपासतो. बाबांची रक्तदाबाची गोळी मी समोर उभी राहून देते.

आमची मुदत जूनला संपते. त्यांनी डिसेंबरपर्यंत थांबाल का असं विचारलं आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय हो म्हणणार नाही, पण माझं मन थांबायचं आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. पिल्लूच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी असेन असं म्हटलं होतं. म्हणून जूनमध्ये तीन आठवडे येऊन परत जायचं, असं बाबांनी सुचवलं आहे. तिकिटाचं जावईबापूंना विचारून बघ.

आणि नाताळात तुम्ही तिघं इकडे या. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि दाखला जपून ठेवायचा, त्याशिवाय परत भारतात उतरताना अडवतात. येताना गोडा मसाला, बाबांसाठी गुडघ्याचे पट्टे आणि पिल्लूसाठी स्टीलची बाटली आण. त्याला म्झिमाला नेऊ, काचेच्या खोलीत.

आता थांबते. उद्या मंगळवार, बादल्या रिकाम्या करून नळाखाली लावून ठेवायच्या आहेत.

तुझी,
आई