कुस्को शेवटी ठेवा

संपादक महोदय,

पेरूमधल्या कुस्को शहराच्या छोट्या सहलींचे जे कार्यक्रम पर्यटन पुरवण्यांत आणि जाहिरातींत छापून येतात, त्यांचा साचा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सकाळी लीमाहून विमानानं कुस्को आणि दुपारी नगरदर्शन, दुसऱ्या दिवशी पहाटे माचू पिक्चू (इंका साम्राज्याची डोंगरावरची प्राचीन नगरी), तिसऱ्या दिवशी सप्तरंगी डोंगर, चौथ्या दिवशी परत. यात हॉटेलचे तारे असतात, नाश्ता धरलाय की नाही तेही असतं. रात्री किती उंचीवर झोपायचं, तेवढं मात्र कुठेच नसतं. या शहराच्या बाबतीत सगळा कार्यक्रम त्या एका आकड्यावर बेतायला हवा, म्हणून हे पत्र.

लीमा समुद्रकाठी आहे. तिथून विमान साधारण सव्वा तासात ३,३०० मीटरवर नेऊन उतरवतं. शहराचा मुख्य चौक, प्लासा दे आर्मास, ३,४०० मीटरच्या आसपास आहे. हवेत प्राणवायूचं प्रमाण तिथेही २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच हिशेबानं घटतो. शरीर लगेच जास्त श्वास घेऊ लागतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वसनाला लगाम घालतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्यांना दोन-तीन दिवस लागतात. रोज धावणाऱ्या तरुणालाही यात सवलत नाही. उलट तो पहिल्याच दिवशी जिने चढत सुटतो आणि रात्री आडवा होतो.

त्रास विमानातून उतरल्या उतरल्या होत नाही, फसगत होते ती इथेच. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गळून जाणं ही लक्षणं बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतात. सकाळी नऊला पोचलेला माणूस दुपारी दोनला ठणठणीत असतो आणि नगरदर्शनाच्या बसमध्ये बसतो. ती बस कॅथेड्रल आणि कोरिकांचा हे इंकांचं मंदिर दाखवून शहरावरच्या साक्सायवामान आणि ताम्बोमाचाय या इंका अवशेषांकडे नेते, म्हणजे ३,७०० मीटर आणि त्याहून थोडं वर. लक्षणं सुरू व्हायच्या वेळेलाच आणखी चढ आणि पायऱ्या! रात्री झोपेत श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते. हा अनियमित श्वास त्या उंचीवर बऱ्याच जणांना होतो आणि एरवी घातक नसतो, पण झोप मोडते. त्याच रात्री तीन-चारला माचू पिक्चूसाठी उठायचं असतं.

उपाय म्हणजे क्रम उलटा करणं. विमान कुस्कोलाच उतरतं, पण तिथे झोपायची सक्ती नाही. विमानतळावरून टॅक्सीनं थेट उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, ओयान्तायताम्बोला जावं. दीड ते दोन तासांचा रस्ता, मुक्काम २,८०० मीटरवर. हा रस्ता खोऱ्यात उतरण्याआधी चिंचेरोजवळ सुमारे ३,७५० मीटरपर्यंत चढतो. गाडीत बसून पार होणाऱ्या त्या अर्ध्या-पाऊण तासाची धास्ती घेऊ नये. शरीराला भोवते ती झोपण्याची उंची. मात्र वाटेत मोराय आणि मारासची मिठागरं 'जाता जाता' दाखवतो म्हणणाऱ्या चालकाला पहिल्या दिवशी नाही म्हणावं. मोराय ३,५०० मीटरवर आहे आणि तिथली वर्तुळाकार शेतं बघायला उतरून पुन्हा चढावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओयान्तायताम्बोचे अवशेष बघावेत, बाहेरगावच्या बसगाड्या यायच्या आत. १५३७ च्या सुमारास मांको इंका या इंका राजानं स्पॅनिश सैन्याला इथून मागे हटवलं होतं. वर अपुऱ्या राहिलेल्या सूर्यमंदिराच्या सहा गुलाबी शिळा उभ्या आहेत. त्या नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून डोंगर उतरवून, नदी ओलांडून पुन्हा वर चढवल्या होत्या. पायऱ्या खड्या आहेत. दर टप्प्यावर थांबत चढल्या तर अर्धी सकाळ पुरते. दुपारच्या रेल्वेनं दीड-पावणेदोन तासांत माचू पिक्चूच्या पायथ्याचं आग्वास कालिएन्तेस गाठावं. हे गाव जेमतेम २,०४० मीटरवर आहे आणि झोप इथे सगळ्यात चांगली लागते. तिसऱ्या दिवशी सकाळी माचू पिक्चू (२,४३० मीटर), दुपारी रेल्वेनं परत आणि संध्याकाळी गाडीनं कुस्को. चौथा दिवस शहर आणि साक्सायवामानसाठी, पाचव्या दिवशी सकाळी विमान. दोन रात्री खाली काढल्यानं सराव पूर्ण होतो असं नाही, पण शरीर कोऱ्या पाटीनं कुस्कोत झोपत नाही.

औषधाबद्दल. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं काम लवकर करून घेतं. प्रतिबंधासाठी प्रौढांना बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. ते चढण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे लीमात असतानाच सुरू करायचं आणि उंचीवर पोचल्यावर दोन दिवस चालू ठेवायचं. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. हे अपेक्षितच आहे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण, हृदय किंवा फुप्फुसाचा आजार, सिकलसेल यांपैकी काही असेल तर गोळीच नव्हे, सहलच डॉक्टरांना विचारून ठरवावी. पहिले दोन दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही टाळावं, कारण दोन्ही रात्रीचा श्वास मंदावतात.

कोकाच्या पानांचा चहा तिथे प्रत्येक हॉटेलात ठेवलेला असतो. गरम पेय म्हणून तो ठीक, पण उंचीचा त्रास त्यानं टळतो याला भक्कम पुरावा नाही. नंतरच्या लघवी चाचणीत कोकेनचे अंश दिसू शकतात, तेव्हा नोकरीत अशी चाचणी असलेल्यांनी तो घेऊच नये. पानं किंवा पुड्या सोबत आणू नयेत. अनेक देशांत तो गुन्हा आहे. औषधांच्या दुकानात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटं बरं वाटायला लावतात आणि खोटा धीर देतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच: कुस्कोत ९० च्या खालचा आकडा धडधाकट माणसालाही दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघावं.

काय बघायचं तेही सांगतो. नुसती डोकेदुखी असेल तर विश्रांती, पाणी आणि साधी वेदनाशामक गोळी पुरते, फक्त त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, छातीत घुरघुर किंवा खोकला वाढत जाणं ही फुप्फुसात पाणी भरत असल्याची चिन्हं. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं ही मेंदूला सूज आल्याची. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगावं. जमत नसेल तर सकाळची वाट बघू नये. एरवीचा सल्ला 'लगेच खाली उतरा' असा असतो, पण कुस्कोहून खोऱ्याकडे जाणारे रस्ते आधी वर चढतात. म्हणून प्रथम दवाखान्यात प्राणवायू आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं लीमाला रवानगी. ही सोय विम्यात आहे का, हे निघण्याआधी वाचून घ्यावं.

सप्तरंगी डोंगर, विनिकुंका, हा सुमारे ५,००० मीटर उंच आहे. चार रात्रींच्या सहलीत तो बसत नाही. बसवणारे बसवतात, पहाटे अंधारात निघून अर्ध्या दिवसात दीड हजार मीटर वर जाऊन परत येणारे लोक बसमध्ये ओकताना दिसतात ते त्यामुळेच.

आता तिकिटं. माचू पिक्चूचं प्रवेश तिकीट आधी, रेल्वे त्यानंतर; उलट केलं की वेळा जुळत नाहीत. २०२४ पासून तीन वर्तुळमार्ग आणि त्यांत मिळून दहा वाटा आहेत. तिकिटावर तारीख, तास आणि वाट तिन्ही ठरलेली असतात. छायाचित्रांत दिसतं ते वरून पूर्ण नगरीचं दृश्य पहिल्या आणि दुसऱ्या मार्गावर मिळतं. नगरीतूनही चालायचं असेल तर दुसराच घ्यावा. नगरीमागच्या वाय्ना पिक्चू सुळक्याची चढाई तिसऱ्या मार्गाला जोडलेली आहे आणि तिसऱ्यावरून ते वरचं दृश्य दिसत नाही. परदेशी प्रौढाचं साधं तिकीट १५२ सोल (पेरूचं चलन). नाव आणि पासपोर्ट क्रमांक तंतोतंत हवा, मूळ पासपोर्ट दारात दाखवावा लागतो. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही सोबत ठेवावा. आत स्वच्छतागृह नाही आणि बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेत नाहीत. मोठी पाठपिशवी चालत नाही आणि रेल्वेतही सामानाला मर्यादा आहे, म्हणून मोठी बॅग ओयान्तायताम्बोच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीचं सामान न्यावं. गावातून वर जाणारी बस २५-३० मिनिटं घेते; तिची रांग धरून प्रवेशाच्या वेळेआधी किमान दीड तास निघावं. जून ते ऑगस्टची तिकिटं काही महिने आधी संपतात.

बाकी स्थळांसाठी 'बोलेतो तुरिस्तिको' नावाचं एकत्र तिकीट आहे. पूर्ण तिकीट १३० सोल, दहा दिवस, १६ ठिकाणं. अर्धवट तिकिटं प्रत्येकी ७० सोल. ओयान्तायताम्बो आणि साक्सायवामान वेगवेगळ्या अर्धवट तिकिटांत येतात, म्हणजे वरच्या कार्यक्रमात दोन घेतली तर १४० होतात. सरळ पूर्ण घ्यावं, आणि रोख सोल जवळ ठेवावेत. कॅथेड्रल, माचू पिक्चू आणि मारासची मिठागरं यात नाहीत. कोरिकांचाची गंमत अशी, की रस्त्याकडेचं जमिनीखालचं संग्रहालय या तिकिटात आहे आणि वरचं खरं मंदिर, म्हणजे सान्तो दोमिंगोचा मठ, नाही. मठाचं वेगळं तिकीट काढून तेच बघावं. खालचं संग्रहालय सोडलं तरी चालेल.

कुस्को इंकांची राजधानी होती. स्पॅनिश सेनानी पिझारोचं सैन्य नोव्हेंबर १५३३ मध्ये शिरलं आणि त्यानंतर इंकांच्या भिंतींवरच स्पॅनिश वाडे चढले. १६५० आणि १९५० च्या भूकंपांत वरचं बांधकाम कोसळलं, खालचं बव्हंशी टिकलं. आतल्या बाजूला किंचित कललेल्या भिंती, वर निमुळती होणारी दारं-कोनाडे आणि चुन्याशिवाय घासून बसवलेले दगड हे त्यामागचं कारण. १९५० साली मठ ढासळल्यावर कोरिकांचाच्या बऱ्याच इंका भिंती उघड्या पडल्या. हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड बघावा, हात मात्र लावू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये एकानं त्यावर हातोडा चालवला. कॅथेड्रलमधल्या मार्कोस सापाताच्या 'शेवटचं भोजन' या चित्रात ताटात गिनीपिग आहे. शाकाहारींनी इतकंच ध्यानात ठेवावं की भाज्यांच्या सूपमध्येही बरेचदा कोंबडीचं पाणी असतं; विचारून घ्यावं.

मे ते ऑक्टोबर कोरडा काळ, पण जून-जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो आणि कित्येक साध्या हॉटेलांत खोली तापवायची सोय नसते. दुपारी मात्र ऊन भाजून काढतं. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जास्त, दरडींमुळे रेल्वेही थांबते, आणि इंका ट्रेल ही माचू पिक्चूला जाणारी पायवाट फेब्रुवारीभर बंद असते. २४ जूनला साक्सायवामानवर इंती राय्मी हा इंकांचा सूर्योत्सव असतो. तो बघायचा नसेल तर तो आठवडा टाळावा.

पीतज्वराची लस कुस्को आणि माचू पिक्चूसाठी गरजेची मानली जात नाही. पण पेरू भारताच्या पीतज्वर यादीत आहे आणि भारतात परतताना प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

शेवटचं परतीबद्दल. कुस्कोचा विमानतळ डोंगरांच्या वेढ्यात आहे, हवा बिघडली की उड्डाणं रखडतात. रास्ता रोकोही अधूनमधून होतात. २०२३ च्या जानेवारीत तर आंदोलनामुळे माचू पिक्चू काही आठवडे बंद होतं. म्हणून कुस्को ते लीमा आणि लीमाहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान एकाच दिवशी धरू नये. शेवटची रात्र लीमात ठेवावी आणि कुस्कोहून दुपारी उशिराच्या विमानापेक्षा सकाळचं घ्यावं. ते रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळण्याची शक्यता राहते.

आपला,
एक वाचक