घरटी वर्गणीचा हट्ट धरणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

गावांना नळाचं पाणी आणि संडास देणारा जलस्वराज्य प्रकल्प संपला त्याला दीड दशक होऊन गेलं. त्यात गावातल्या लोकांना एकत्र आणणाऱ्या तुमच्यासारख्या समूह संघटकांची नावं कुठल्या कोनशिलेवर नाहीत. आमच्या टाकीवर पुढाऱ्यांची आहेत, तीही आता नीट वाचता येत नाहीत. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. माणदेशातल्या इतर गावांनीही वाचलं तर बरंच.

आभार पाणी आणल्याबद्दल नाहीत. पैसा सरकारचा होता, विहीर पाझर तलावाखालची होती, पाइप ठेकेदारानं टाकले. आभार आहेत ते एका भल्या माणसाचे पैसे तुम्ही आम्हाला घेऊ दिले नाहीत म्हणून.

२००३ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं हा प्रकल्प राज्यात सुरू झाला. खर्चाचा दहावा हिस्सा गावानं उभा करायचा आणि पुढं योजना चालवायचा खर्चही गावानंच सोसायचा, ही त्याची अट. उन्हाळा टँकरवर काढणाऱ्या गावाला दहा टक्के म्हणजे भलताच आकडा वाटला. दक्षिणेत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा करणारे आमच्या गावचे शेठ यात्रेला आले होते. ते ग्रामसभेत म्हणाले, सगळी वर्गणी मी भरतो, टाकीला आईचं नाव द्या. टाळ्या पडल्या. लोक घरी जायला उठले सुद्धा. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "शेठ, आईच्या नावानं शाळेला खोली बांधा. पाण्याची वर्गणी मात्र घरटीच घ्यायची."

त्या रात्री गाव तुम्हाला काय काय बोललं, ते तुमच्या कानावर आलं नसेल. आमचे मामंजी त्यात सगळ्यात पुढं होते. फुकट मिळतंय तर ही बाई आडवी का येते, हा त्यांचा सवाल. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तो बरोबर वाटला होता.

मग वर्गणी सुरू झाली. कुणी शेळी विकली, कुणी ऊसतोडीच्या उचलीतनं दिले. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांनी चर खणून हिस्सा फेडला. शेठनी सुद्धा आपल्या एका घराचीच वर्गणी भरली, आणि पुढं शाळेची खोलीही बांधून दिली. रागात का होईना.

तुमच्या हट्टाचा अर्थ मला कळला तो नळ सुरू झाल्यावर. वरच्या आळीत धो धो पाणी आणि खालच्या आळीत करंगळीएवढी धार. हापशावर ज्यांना कायम शेवटी थांबावं लागायचं, तीच ही आळी. तिथली एक म्हातारी ग्रामसभेत उभी राहिली. वर्गणी तिनं हप्त्यानं भरली होती आणि पावती पिशवीत होती. "मीबी पैसं भरल्यात. माझ्या नळाला पानी कधी?" एवढंच म्हणाली. सरपंचांना उत्तर द्यावंच लागलं. खालच्या आळीला वेगळा व्हॉल्व्ह बसला आणि पाणी आधी तिकडं सोडायचं ठरलं. पैसे शेठचे असते तर तिनं तोंड उघडलं नसतं. पहिलं पाणी कुणाच्या दारात गेलं असतं, हे मी सांगायला नको.

आणखी एक. आम्हा बायकांना तुम्ही सामाजिक लेखापरीक्षण समितीत घेतलंत. नाव ऐकूनच घाम फुटला होता. तुम्ही म्हणालात, हिशोब म्हणजे मोजणं, आणि मोजायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. चराची खोली तीन फूट हवी होती, म्हणून आम्ही एका काठीवर तीन फुटांची खूण केली आणि ती घेऊन फिरलो. ओढ्याकडच्या बाजूला ती खूण बराच भाग जमिनीच्या वरच राहिली. ठेकेदार हसला, मग चिडला, आणि शेवटी पुन्हा खणून दिलं. सिमेंटच्या गोण्या तर आम्ही पिठाच्या डब्यांसारख्या मोजायचो.

संडासांच्या बाबतीतही तुमची रीत वेगळी. पुढं कितीतरी गावांत पहाटे गुड मॉर्निंग पथकं फिरली, टमरेल घेतलेल्या माणसांना हार घातले, फोटो काढले. तुम्ही तसलं काही केलं नाही. तुम्ही गोदरीच्या वाटेवर आमच्याबरोबर चालत आलात आणि अंधाराची वाट बघत दिवसभर कळ काढणाऱ्या सुनांशी बोललात. गवंड्याला बसवून दोन खड्ड्यांचा संडास समजावलात: जाळीचं वीटकाम, तळ उघडा, एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला वर्षभर तरी झाकून ठेवायचा. रूरल पॅनला, म्हणजे या संडासाच्या भांड्याला, उतार जास्त, त्यामुळं तांब्या-दोन तांब्यांत काम भागतं. घागरीनं पाणी आणणाऱ्या घराला हे सगळ्यात आधी पटलं. ज्यांनी हौसेनं मोठी सेप्टिक टाकी बांधली, त्यांचं पाणी आजही गटारीत येतं आणि तिथले डास आम्हाला चावतात. आमचा पहिला खड्डा उघडला तेव्हा आत काळी, भुसभुशीत माती होती. सासूबाईंनी नाकाला पदर लावून वाकून बघितलं, मग पदर काढला आणि घमेलं मागितलं. ते खत डाळिंबांना गेलं.

आता जलजीवन मिशनची नवी योजना आली आहे. माणशी रोज ५५ लिटर आणि प्रत्येक घरात नळ, असं २०१९ मध्ये ठरलं. तिच्या पहिल्याच बैठकीत खालच्या आळीतल्या पोरींनी अंदाजपत्रक मागितलं आणि मोटार किती अश्वशक्तीची, वीजबिल कोण भरणार, हे विचारलं. नवे अभियंता साहेब जरा गडबडले. त्या पोरींमध्ये म्हातारीची नातही होती.

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला याल तेव्हा घरी या. मामंजी आता थकलेत, पण तुमचं नाव काढलं की अजून म्हणतात, "ती बाई? लई हट्टी."

तुमची,
लेखापरीक्षण समितीतली एक

ता. क. पाणीपट्टी थकवणाऱ्यांची यादी आम्ही देवळाच्या भिंतीवर लावतो. कुणाचा असा पाणउतारा करू नये, हे तुमचं म्हणणं लक्षात आहे. पण वीजमंडळ थांबत नाही, ताई. यंदाही लावलीय.