आई-बाबा, आधी सगळं वाचा, मग फोन करा

सातारा,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, पाकीट फोडण्याआधी तुम्ही शिक्का बघितला असेलच. रजिस्टर आता स्पीड पोस्टातच मिसळलं, म्हणून हे असं आलंय. फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं होतं. पण तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, आईला सगळं ओरडून सांगावं लागतं, आणि ही बातमी वाडीभर ओरडायची नाही. दोघांनी शेजारी बसून वाचा.

सुधीरला मी माझी एक किडनी देतेय. ९ डिसेंबरला, मंगळवारी, पुण्यात. तपासण्या झाल्या, परवानगी आली, तारीख मिळाली. म्हणजे मी विचारायला नाही, सांगायला लिहितेय. हे वाक्य चारदा खोडलं, याहून मऊ काही सुचत नाही.

‘किडनीचा जरा त्रास आहे, पथ्य आहे’ एवढंच तुम्हाला ठाऊक. खरं म्हणजे गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून त्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, दर वेळी चार तास. गणपतीत बाबा म्हणाले होते, एवढ्या उकाड्यात जावईबापूंचा फुल शर्ट कशाला? डाव्या हातावर फिस्टुला आहे, सुया टोचता याव्यात म्हणून शीर धमनीला जोडून दिलेली. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. रात्री जाग आली की मी आधी तिथे हात ठेवून बघते. थरथर लागली की झोपते.

आणि आई, त्याने तुझ्या लोणच्याला हात लावला नाही, शहाळं तसंच ठेवलं, म्हणून तू दोन दिवस घुश्श्यात होतीस. मीठ अगदी कमी, पोटॅशियममुळे शहाळं बंद, पाणीसुद्धा मोजून. भाजी चिरून भिजवायची, उकडायची, पाणी फेकायचं आणि मग फोडणीला टाकायची. चव काय राहते विचारू नकोस. लोणचं मनूने संपवलं. बरणी धुऊन ठेवलीय, येताना भरून आण, तिच्यासाठी.

मीच का, हे आई पहिलं विचारणार. सासूबाई सगळ्यांच्या आधी तयार झाल्या होत्या, पण त्यांना मधुमेह. भाऊजींना बीपी. किडनी मिळायच्या यादीत त्याचं नाव घातलंय, पण नंबर कधी लागेल सांगता येत नाही. माझा रक्तगट ओ, त्याचा बी, ते चालतं. बाकीचंही जुळलं. डावी किडनी घेणार आहेत, तिची शीर लांब असते, जोडायला सोपी पडते. दुर्बिणीतून करतात. चार-पाच दिवसांत मला घरी सोडतील. राहिलेली किडनी हळूहळू आपलं काम वाढवते, मी दर वर्षी बीपी, लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, बस. अण्णाकाकांचं मनात आणू नका. ते ऑपरेशन वेगळं होतं, तो काळही वेगळा होता.

मार्चमध्ये ‘स्कॅन करायचाय’ म्हणून लग्नाचा अल्बम मागून घेतला, तो परवानगी देणाऱ्या समितीसाठी. नवरा-बायको असल्याचा पुरावा लागतो, आणि देणाऱ्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना, हेही विचारतात. मी पाठवणीचा फोटो दिला. त्यात बाबा मांडवाच्या खांबाला धरून भलतीकडेच बघतायत. माफ करा, तुमच्याशी खोटं बोलले.

आता ऑफिस. बाबा, तुमचा पहिला प्रश्न रजेचाच असणार. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अवयव देणाऱ्या कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा दिलीय. माझी मंजूर झाली. चार्ज कुणाकडे द्यायचा तेही ठरलंय.

पण एक सांगायचंय, ते तुम्हालाच कळेल. पोस्टमास्तर झाले तेव्हापासून मला वाटायचं, घरचं घरी ठेवायचं, स्टाफसमोर चेहरा पाडायचा नाही. राखीपौर्णिमेच्या आठवड्यात टेबलं पाकिटांनी भरलेली, आणि मशीनवर सुधीरचं बीपी पडलं म्हणून दवाखान्यातून फोन. त्या दिवशी कॅश दोन हजारांनी कमी आली. चार वेळा मोजली. आमची ट्रेझरर सव्वीस वर्षांची पोर, तिला मी काउंटरवरच्या लोकांसमोर वाट्टेल ते बोलले. रात्री आठला एकटीच व्हाउचरं चाळत होते, तर पैसे काढायची एक स्लिप निघाली. अक्षरी ‘आठ हजार फक्त’, सिस्टीमला सहा हजार. आणि तपासलं म्हणून खाली सही माझी. फोनकडे डोळा ठेवून केलेली.

दुसऱ्या दिवशी बॅगा उघडताना सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि घरचं सांगून टाकलं. आमचे सगळ्यात जुने पोस्टमन आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. सुतळी कापता कापता मामा म्हणाले, “सोमवार, बुधवार, शुक्रवार ना मॅडम? आम्ही केव्हाच ओळखलंय.” मी वर्षभर लपवत होते, आणि त्यांनी वार मोजून ठेवले होते!

तेव्हापासून त्या तीन दिवशी पोस्टमन साडेतीनच्या आत हिशेब देतात. माझा फोन ट्रेझररच्या टेबलावर असतो, दवाखान्याचा आला तरच ती हाक मारते. तिच्यावर ओरडले होते ना, आता माझी व्हाउचरं तीच पुन्हा बघते, आणि दोन चुका पकडल्यातसुद्धा. सगळ्यांचं काम मीच परत करायची माझी खोड होती, ती सोडतेय. अजून हात शिवशिवतात.

म्हणजे मामांना ऑगस्टमध्ये कळलं आणि तुम्हाला नोव्हेंबरमध्ये. यावर रागावलात तर मला तोंड नाही. पण बाबा, घोटा सुजलेला असताना तुम्ही पंधरा दिवस टपाल वाटायची बीट केलीत, आणि आईला कळलं ते मोजा धुताना. आणि २००५ च्या जुलैतला तो पाऊस आणि तुमची सायकल, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

तुमच्या खाकी शर्टाला लाखेचा वास यायचा. ताप आला की मी त्याच शर्टात तोंड खुपसून झोपायची. ऑफिसच्या खणात लाखेचा एक जुना तुकडा सापडला. सगळ्या तपासण्यांना तो पर्समध्ये होता. हसू नका.

आता नीट ऐका. पुण्याला कुणी यायचं नाही. सुधीरला संसर्गाची भीती असते, भेटायला सोडत नाहीत, आणि बाकड्यावर बसून आईचे पाय सुजतील. तुम्ही ६ तारखेला सातारला मनूजवळ या. तिची दहावी आहे, मला काळजी तिचीच. दादा गाडीने आणेल. एसटीने नको, आंबा घाटातली वळणं आईला सोसत नाहीत. खालच्या खोलीत तुमच्या कॉटा लावल्यात, गीझर दुरुस्त झालाय, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय. पेपर सकाळी सहाला येतो. बाबा, बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या आणा, ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका. आई, गुडघ्यासाठी ब्रुफेन मनाने खायची नाही, किडनीला वाईट. डब्यातली पट्टी मी मागच्या खेपेला बघितलीय. डिंकाचे लाडू कर, पण मला विचारल्याशिवाय पाठवू नकोस.

पत्र मिळालं की रात्री साडेनऊनंतर फोन करा. त्याआधी मी त्याला डायलिसिसहून आणायला गेलेली असते. पाच मिनिटं रडून घ्या, मग लावा.

तुमची,
बाबी

ता. क. पत्र घेऊन येणाऱ्याला चहाला थांबवू नका, बाबा. भर बीटमध्ये तुम्ही कधी थांबलात? पाणी तेवढं विचारा.