लक्ष देणे आणि लक्ष लागणे : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कादंबरीची छपाई गेल्या आठवड्यात पूर्ण झाली. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमचे नाव नाही, कारण तुम्हाला एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष आणि चंचलता यांच्याशी निगडित विकार) आहे हे तुमच्या कार्यालयात कोणालाही ठाऊक नाही आणि ते तसेच राहावे, असे तुम्ही बजावले होते. तुमचा शब्द मी पाळला. पण त्या पुस्तकातली वैदेही मी एकट्याने घडवली असा समज वाचकांत पसरू देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, म्हणून तुमचे नाव न घेता हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पहिला खर्डा तुमच्या हाती दिला तेव्हा मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. वैदेही ३६ वर्षांची, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणारी बाई. ती किल्ल्या हरवत होती, चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधत होती, बोलता बोलता खिडकीतल्या खारीकडे पाहून विषय अर्धवट सोडत होती, आणि दर चार पानांनी वाचकाला हसू यावे अशी चोख व्यवस्था मी केली होती. निदानाचे निकष समोर ठेवून एकेका लक्षणाला एकेक प्रसंग वाटून दिला होता. तुम्ही ६४ पाने वाचून खर्डा मिटलात आणि म्हणालात, "ही माझ्यासारखी बाई नाही. माझ्या नणंदा माझे जे किस्से सांगतात ना, त्यांची ही बाई झाली आहे." त्या रविवारी मी चहा अर्धा टाकून निघालो, तो काही घाईमुळे नव्हे, हे आता कबूल करतो.

पुढच्या भेटीत तुम्ही एकाच वाक्यावर तासभर घालवलात. मी लिहिले होते, 'वैदेही वीजबिल भरायला विसरली.' तुम्ही 'विसरली' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला. विसरली असती तर बरे झाले असते, असे तुमचे म्हणणे. तिला ते बिल दिवसातून सात वेळा आठवते : अंघोळ करताना, सिग्नलला स्कूटर थांबल्यावर, नववीच्या वर्गात मोसमी वारे शिकवताना, रात्री दोन वाजता. हातात फोन आणि मोकळा वेळ असतो तेव्हा नेमके आठवत नाही. आणि कधी तेव्हाही आठवते, खात्यात पैसे असतात, काम दोन मिनिटांचे असते, तरी ती पलंगाच्या कडेवर बसून राहते आणि हात उचलला जात नाही. मग एके दिवशी वीज तोडायला माणूस येतो आणि शेजारीण दारातून पाहत असताना ती चोरासारखी उभी राहते. कळणे आणि करणे यांच्या मधल्या जागेत तुमचे निम्मे आयुष्य गेले, असे तुम्ही सांगितलेत, आणि माझ्या खर्ड्यात नेमकी तेवढीच जागा कोरी होती. मी लिहिले होते ते सगळे शेजारणीच्या दारातून दिसणारे होते.

(अशा पात्रांना बाहेरूनच पाहण्याची खोड जुनी आहे. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी १८४०च्या दशकात मुलांसाठी लिहिलेल्या पद्यकथांत जेवणाच्या टेबलाशी चुळबुळ करणारा फिलिप आहे आणि आकाशाकडे पाहत चालणारा हान्स आहे. एक टेबलावरचे कापड ताटांसकट ओढून घेतो, दुसरा पाण्यात पडतो. हान्स वर काय पाहत होता, याची विचारपूस फारशी कोणी करत नाही.)

मला सर्वांत जास्त उपयोगी पडले ते तुमचे लक्षाविषयीचे बोलणे. या विकाराच्या नावातच 'लक्षाची उणीव' आहे, म्हणून मीही वैदेहीला लक्षाची गरीब करून ठेवली होती. तुम्ही म्हणालात, आपल्या भाषेत लक्ष लागतं, लक्ष जातं, लक्ष उडतं, लक्ष वेधलं जातं आणि लक्ष दिलं जातं, "यातलं देणं तेवढं मला जमत नाही, बाकी सगळं आपोआप होतं." ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आणि त्याच्या आधाराने तिसरे प्रकरण नव्याने लिहिले. सराव परीक्षेच्या ६० उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर पडून आहे, आणि वैदेही पैठणीच्या विणकामात धोटा कसा फिरतो हे रात्री साडेतीन वाजेपर्यंत वाचत बसली आहे. पाय बधिर झाले आहेत, तहान लागली आहे, उठायचे आहे आणि उठता येत नाही. खर्ड्यात मी या तंद्रीला दैवी देणगी केले होते, तिच्या जोरावर तिला जिल्हास्तरीय पारितोषिकही देऊन टाकले होते. पारितोषिक तुम्ही खोडलेत. देणगी असती तर ती उत्तरपत्रिकांवरही वापरता आली असती, हे तुमचे उत्तर बिनतोड होते. तुम्ही स्वतः हिशेबनीस. अशिलांची प्राप्तिकराची विवरणपत्रे तुमच्या हातून चोख जातात आणि तुमचे स्वतःचे मात्र दरवर्षी मुदतीच्या शेवटच्या रात्री साडेअकराला. मुदत मानगुटीवर बसली की जे मन चालते ते महिनाभर आधी का चालत नाही, हा प्रश्न तुम्हाला आयुष्यभर विचारला गेला आहे, आणि तो सर्वांत जास्त वेळा तुम्हीच स्वतःला विचारला आहे.

वेळेबद्दलही तसेच झाले. मी वैदेहीला प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचवत होतो. उशीर ही या गोष्टीची एकच बाजू आहे, हे मला तुमच्या एका वाक्याने कळले : "चार वाजता डॉक्टरांकडे जायचं असेल तर सकाळी अकरापासून मी चपला घालून बसल्यासारखी असते." त्या दिवशी दुसरे काहीच होत नाही, कारण सुरू केले तर चार वाजले हे कळणार नाही, ही धास्ती असते. कादंबरीतला तो आख्खा रिकामा गुरुवार तुमचा आहे.

आता भाषेविषयी थोडे, कारण लेखक म्हणून मला खरी लाज तिथे वाटली. निवेदनात मी ११ ठिकाणी 'वेंधळी' आणि ७ ठिकाणी 'धांदरट' लिहिले होते, आणि ते प्रेमाने लिहिले होते. तुम्ही प्रत्येक ठिकाणी समासात एकच प्रश्न लिहिलात, "हा शब्द कोणाचा? निवेदकाचा की सासूबाईंचा?" दहाव्या वर्षापर्यंत स्वतःबद्दल ऐकलेल्या अशा शब्दांची जी यादी तुम्ही सांगितलीत, ती मी इथे देत नाही, आपली मराठी या बाबतीत फार समृद्ध आहे, एवढेच म्हणतो. छापील पुस्तकात हे शब्द आहेत, परंतु एकही निवेदकाच्या तोंडी नाही. ज्याने त्याने आपापल्या तोंडाने ते उच्चारले आहेत, आणि एकदा, आरशासमोर, वैदेहीने.

तिचे विचार दाखवण्यासाठी मी तुटक वाक्ये आणि टिंबांच्या रांगा वापरल्या होत्या. तुमच्या डोक्यात वाक्ये तुटत नाहीत, एका वाक्यात दुसरे उगवते, हे तुम्ही सांगितल्यावर मला आपल्या वाक्यरचनेची आठवण झाली. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. तेव्हा वैदेहीचे वाक्य क्रियापदाकडे निघावे, वाटेत एका विशेषणाचा हात धरून दुसऱ्या गल्लीत शिरावे, तिथे एक जुनी आठवण भेटावी आणि क्रियापद दारात ताटकळत राहावे, अशी वाक्ये मी लिहून पाहिली. संपादकांनी त्यांतली बरीचशी सरळ केली. तीन वाचवली आहेत.

बालपणाची चूक तर शुद्ध अज्ञानाची होती. वडील गेल्यानंतर, वयाच्या तिसाव्या वर्षी, वैदेहीचे हे सारे सुरू होते असे मी रचले होते. तो शोक झाला, एडीएचडी नव्हे, असे तुम्ही शांतपणे सांगितलेत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार त्यातली काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, शाळा, काम यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. मग वैदेहीला मी खिडकीजवळचा बाक दिला. वर्गात धुडगूस घालणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेत येतो; गप्प बसून बाहेर पाहणाऱ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर 'हुशार आहे, पण प्रयत्न कमी पडतात' असा शेरा येतो आणि प्रकरण मिटते. तुमचेही मिटलेच होते, मुलाची तपासणी करताना डॉक्टरांनी तुम्हाला चार प्रश्न विचारेपर्यंत. तेव्हा तुम्ही ३८ वर्षांच्या होतात. तुमचा मुलगा क्षणभर एका जागी बसत नाही आणि तुम्ही तासन्‌तास हलत नाही, त्यामुळे वैदेहीवरून सगळ्यांचा अंदाज बांधू नका, असेही तुम्ही बजावलेत.

औषधाच्या प्रसंगात मी पहिल्या गोळीसरशी पहाट आणली होती. आता तिथे मिथाइलफेनिडेट या लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या औषधाची साधी गोळी आहे, जी तीनचार तास साथ देते, दुपारची भूक मारते आणि ओसरते. उत्तरपत्रिका ती तपासत नाही. त्या तपासायला बसणे थोडे सोपे करते, आणि एखाद्या दिवशी तेही नाही. शिवाय ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणजे तारीख लक्षात ठेवा, वेळ ठरवा, चिठ्ठी जपून ठेवा, संपण्याआधी पुन्हा जा. नेमके जे जमत नाही ते जमल्यावरच औषध हाती पडते, हे सांगताना तुम्ही खळखळून हसला होतात. तो विनोद पुस्तकात आहे, आणि माझ्या खारीपेक्षा चांगला आहे.

शेवटची सूचना सर्वांत लहान होती : हिला असा एखादा दोष द्या, ज्याचा निदानाशी काडीचाही संबंध नाही. मी तिला जावेचा मत्सर दिला. त्या एका मत्सराने वैदेही जितकी जिवंत झाली, तितकी आधीच्या सगळ्या हरवलेल्या किल्ल्यांनी झाली नव्हती.

तुमचे एक म्हणणे मात्र मी मानलेले नाही. कोणी नुसते शेजारी बसले तरी हातातले काम पुढे सरकते, हे तुमच्याचकडून ऐकून मी शेवटच्या प्रकरणात सासूबाईंना टेबलापाशी मेथी निवडायला बसवले, आणि त्या दुपारी ६० पैकी ४३ उत्तरपत्रिका तपासून होतात. सासूबाई इतक्या मायाळू नसतात, असे म्हणून तुम्ही ते पान पूर्ण खोडले होते. ताई, त्या मायेने बसलेल्या नाहीत; घरातला चालू पंखा त्या टेबलावर आहे. तुम्हाला हे पटणार नाही, याची कल्पना आहे. येत्या रविवारी प्रत घेऊन येतो, तेव्हा भांडू. दुपारी चारला येत नाही, सकाळी नऊलाच येतो, म्हणजे तुमचा दिवस चपला घालून जाणार नाही.

आपला कृतज्ञ,
वैदेहीचा लेखक