स्विचचे घड्याळ भरकटले तरी स्थिती 'सिंक्रोनाइझ्ड'च!

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: फर्मवेअर (उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यानंतर नेटवर्क स्विचच्या एनटीपीमध्ये (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीमध्ये) आलेले दोष

महोदय / महोदया,

नव्या फर्मवेअरनंतर स्विचचे घड्याळ जुळत नाही, या आमच्या आधीच्या तक्रारीवर "टाइम सर्व्हर बदलून पाहा" असे एका ओळीचे उत्तर देऊन आपण ती बंद केलीत. ते उत्तर आम्हाला मान्य नाही. त्याच सर्व्हरवरून आमची इतर सर्व उपकरणे बिनबोभाट वेळ घेत आहेत.

दोष कुठे आहे ते पोर्ट मिररिंग करून (एका पोर्टवरील वाहतुकीची प्रत दुसऱ्यावर घेऊन) मिळवलेल्या पॅकेट कॅप्चरमध्ये, म्हणजे त्या वाहतुकीच्या नोंदीत, स्पष्ट दिसते. एनटीपीसाठी आम्ही व्यवस्थापन व्हीलॅन (उपकरणांच्या देखरेखीसाठी वेगळे ठेवलेले आभासी नेटवर्क) हा सोर्स इंटरफेस, म्हणजे विनंत्या जिथून निघाव्यात ती जागा, ठरवून दिला आहे. कॉन्फिगरेशनमध्ये ती ओळ आजही आहे. नवे फर्मवेअर मात्र ती जुमानत नाही आणि अपलिंकच्या (वरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीच्या) आयपी पत्त्यावरून विनंत्या पाठवते. त्या पत्त्याला फायरवॉलवर यूडीपी १२३ ची (एनटीपीच्या पोर्टची) परवानगी नाही आणि ती आम्ही देणारही नाही.

ही चूक एक वेळ समजून घेता येईल. पण स्विच खोटी स्थिती दाखवतो, हे अक्षम्य आहे. रीचचा (शेवटच्या आठ विनंत्यांच्या उत्तरांची अष्टमान पद्धतीत नोंद ठेवणारा) आकडा ३७७ असेल तर शेवटच्या आठही विनंत्यांना उत्तर मिळाले, आणि ० असेल तर एकालाही नाही. आमच्याकडे तो ० झाला होता, तरी मुख्य पानावर हिरव्या अक्षरांत 'सिंक्रोनाइझ्ड' झळकत होते आणि स्ट्रॅटमही (मूळ घड्याळापासूनची पायरी) जुनाच होता. ना सिसलॉगमध्ये (घटनांच्या नोंदवहीत) नोंद, ना एसएनएमपी ट्रॅप (देखरेख यंत्रणेला आपोआप जाणारा इशारा). पोलिंगचे (दोन विनंत्यांमधले) अंतर १०२४ सेकंद धरले तरी आठ विनंत्या वाया गेल्याचे सव्वादोन तासांच्या आसपास कळायला हवे. आम्हाला ते कळले लूपमुळे (पॅकेट्स गोल फिरत राहिल्यामुळे) नेटवर्क कोलमडल्यावर. कोणता पोर्ट आधी पडला हे शोधताना स्विचचे लॉग आणि सर्व्हरचे लॉग यांचा मेळच बसेना. त्या घटनेचे मूळ कारण आम्ही आजही ठामपणे सांगू शकत नाही. हे नुकसान कोणत्याही वॉरंटीत भरून निघत नाही.

याहून धोकादायक बाब पुढे आली. रीस्टार्टनंतर स्विचचे घड्याळ १ जानेवारी १९७० वर गेले आणि तीच वेळ तो खालच्या वाय-फाय ॲक्सेस पॉइंटना खात्रीची म्हणून देत राहिला. स्वतःचे घड्याळ जुळलेले नसेल तर उत्तरात लीप इंडिकेटर ३ ('घड्याळ जुळलेले नाही' अशी खूण) पाठवायचा असतो, हे एनटीपीच्या आरएफसी ५९०५ या मानकामध्ये २०१० पासून लिहिलेले आहे. आपला स्विच ० ('कोणताही इशारा नाही') पाठवतो. प्रमाणपत्रांची मुदत तपासणाऱ्या उपकरणांनी अशा वेळी काय करावे?

सोर्स इंटरफेसचा दोष दूर करणारे फर्मवेअर आम्हाला द्यावे. स्थितीचे पान रीचशी जोडावे आणि संपर्क तुटताच ट्रॅप पाठवण्याची सोय करावी. तोपर्यंत जुन्या आवृत्तीवर परतण्याची लेखी परवानगी हवी, कारण आपल्या सेवा करारात नवीनतम आवृत्तीची अट आहे. हा दोष याच फर्मवेअरच्या इतर ग्राहकांनाही कळवावा. त्यांच्याही पडद्यावर तेच हिरवे अक्षर असू शकते.

कॅप्चर, कॉन्फिगरेशन आणि दोन्ही लॉग सोबत जोडले आहेत. उत्तर फर्मवेअर विभागाकडूनच यावे.

आपला,
नेटवर्क प्रशासक