जुन्या जे. सी. मिलच्या बॉयलरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आईच्या खोलीतल्या लोखंडी स्टोव्हचं धुराडं तुम्ही साफ करून दिलंत, त्याचे आभार सगळ्यांसमोर मानायचे आहेत. लश्करच्या जुन्या घरांत जानेवारीत कसला गारठा शिरतो ते ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. त्यात स्टोव्ह पेटवला की धूर खोलीतच फिरायचा आणि आईचा खोकला थांबायचा नाही.

गच्चीवरून ब्रश घालून द्यायला बाकीचे तयार होते. तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "डँपर कुठाय?" बॉयलर हाउसमध्ये उभं आयुष्य काढलेला माणूसच हे विचारणार. डँपर म्हणजे धुराची ओढ कमीजास्त करणारी पाइपातली बिडाची तबकडी; ती पूर्ण उघडली तरी मधोमध उभी असतेच. 6 इंची ब्रश तिथे अडतो, जोर केला तर आतच रुतून बसतो. तुम्ही खालचा जोड सोडवलात, एका हाताने आतून तबकडी धरलीत, दुसऱ्याने बाहेरची मूठ स्प्रिंगवर दाबून पिळलीत. दांडा सुटला आणि तबकडी हातात आली. तिच्यावरचा थर खिळ्याने खरवडून दाखवलात: वर भुसभुशीत काजळी, खाली काचेसारखा काळा, कडक थर.

डँपर फार आवळला की धूर रेंगाळतो, साधारण 120 अंशांखाली थंडावला की पाइपला चिकटतो, आणि हाच थर पेटला तर आतली आग 1000 अंशांच्या वर जाते, हे तुम्ही आईलाही समजेल असं सांगितलंत. कडक थर ब्रशला दाद देत नाही, म्हणून पाइपचा तो तुकडाच बदलायला लावलात. लोहिया बाजारातून आणलेला नवा तुकडा बसवताना निमुळतं टोक खालच्या बाजूलाच हवं, म्हणजे ओघळ पाइपच्या आतच राहतो, यावर अडून बसलात. ते बरंच केलंत.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती तुमची शेवटची अर्धी घटका. सगळं जोडून झाल्यावर डँपर उघडा ठेवून, स्टोव्हच्या दाराशी उदबत्ती धरून, धूर सरळ आत ओढला जातोय हे बघितल्याशिवाय तुम्ही हात धुतले नाहीत. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आई त्या खोलीत दार लावून झोपते. तुम्ही तिच्यासाठी थांबलात, काका, हे मी विसरणार नाही.

तुम्ही म्हणालात तसं बाभळीचं सरपण फोडून गच्चीवर पत्र्याखाली रचलंय. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत त्याला हात लावणार नाही. थर 3 मिलिमीटरचा दिसला की पाइप उघडायचा, हेही लक्षात आहे.

तुमचा तारेचा ब्रश आणि दोन सळया आमच्याकडेच राहिल्यात. रविवारी सकाळी घेऊन येतो. काकूंना आईने तिळाच्या वड्या दिल्या आहेत.

तुमचा,
मागच्या गल्लीतला शेजारी